चौथ्या घराचा उशीर

दिवाळी अंकाच्या संपादकांना खरं तर संग्रहालयावर लेख हवा होता. भाचीकडे बॉस्टनला जाणार आहे, एवढं फोनवर माझ्या तोंडून निघालं आणि त्यांनी लगेच फर्मान सोडलं, "मग स्प्रिंगफील्डला जाऊन या. अमेरिकेतल्या बंदुकांचं माहेर आहे ते." बंदुकांबद्दल मला काडीचं प्रेम नाही. त्या देशातल्या गोळीबाराच्या बातम्या वाचून तर उरलंसुरलं कुतूहलही आटलेलं. पण समोर यंत्र आलं की मी विरघळतो, हे संपादकांना चांगलं ठाऊक आहे.

स्प्रिंगफील्ड हे मॅसॅच्युसेट्समधलं, कनेक्टिकट नदीच्या काठचं शहर. इथली सरकारी आर्मरी 1794 साली सुरू झाली, 1968 साली बंद पडली आणि आता तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. बंदुकांचे रचलेले मनोरे, थॉमस ब्लँचर्डचं लाकडी दस्ते कोरणारं लेथ वगैरे सगळं पाहून झालं. स्मिथ अँड वेसन ही रिव्हॉल्व्हरवाली कंपनीही याच गावची. 2023 साली तिने मुख्यालय टेनेसी राज्यात हलवलं, पण रिव्हॉल्व्हरचं काम इथेच राहिलं. संग्रहालयातल्या माहितीफलकांवर एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे गेज. प्रत्येक भागासाठी मापाचा पोलादी साचा असे, आणि भाग त्यात नीट बसला नाही की बाद होई. हे ठरवणारा निरीक्षक पगार सरकारचा घेई आणि बसे मात्र कारखान्यात. 1873 च्या प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या सुरुवातीच्या लष्करी नगांवर ओ. डब्ल्यू. एन्सवर्थ नावाच्या निरीक्षकाचं 'ए' हे अक्षर ठोकलेलं सापडतं. नळीवर, चक्रावर, सांगाड्यावर, जिथे जिथे त्याने हात फिरवला तिथे. काही चुकलं तर कोणाला धरायचं, हे त्या अक्षरावरून कळत होतं.

माझा लेख मात्र संग्रहालयात राहिला नाही. तिथल्या एका स्वयंसेवकाने, मला यंत्रात रस आहे हे पाहून, जवळच्या एका छोट्या गावातल्या बंदूक-कारागिराचा पत्ता दिला. हे गृहस्थ पोलीस खात्यात आर्मरर होते. खात्याची शस्त्रं तपासणं आणि दुरुस्त करणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर गॅरेजमध्ये परवाना घेऊन बसले आहेत. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही.

मी गेलो तेव्हा बाकावर एक नवंकोरं रिव्हॉल्व्हर पडलेलं होतं. कोणत्या कंपनीचं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे असा नग कोणाच्याही डब्यातून निघू शकतो. मालकाने पंधरा दिवसांपूर्वी विकत घेतलेलं, डबा शेजारीच. "कधी कधी गोळी उडत नाही, आणि उडाली तर शेजारच्याच्या गालाला काहीतरी टोचतं," अशी तक्रार.

त्यांनी आधी चक्र बाहेर काढून त्यातली काडतुसांची सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली. मला दाखवलं, मग पुन्हा स्वतः पाहिलं. नळीच्या तोंडाकडून एक डोळा मिटून बघितलं आणि शस्त्र माझ्याकडे वळवलं. "माशी बघा." नळीच्या टोकावरचं नेम धरायचं पातं, ज्याला आपण माशी म्हणतो, ते किंचित डावीकडे कललेलं होतं. नळी सांगाड्यात आटे पाडून पिळून बसवतात. पिळताना हात थोडा कमी-जास्त झाला की माशी सरळ उभी राहत नाही. कारखान्यातून बाहेर पडताना कोणीतरी हे एकदा सरळ डोळ्याने पाहिलं असतं, तर नग तिथेच अडला असता. त्यासाठी कुठलं उपकरणही लागत नाही.

मग फीलर गेजच्या पात्या आल्या. चक्राचं तोंड आणि नळीचं बूड यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर चक्र फिरणार नाही. साधारण चार ते दहा हजारांश इंच इतकी ती चालते. इथे डाव्या बाजूला चारची पाती जेमतेम शिरत होती आणि उजवीकडे नऊची सहज. म्हणजे नळीचं बूडच तिरकं कापलेलं. "हेही चालवून घेतलं असतं," ते म्हणाले, "पण खरी गंमत पुढे आहे."

रिव्हॉल्व्हरची सगळी अक्कल या 'पुढे'मध्ये आहे, आणि मी तिथेच अडकलो. चाप ओढला की तीन कामं एका ओळीत व्हावी लागतात. आतली एक लहान पट्टी वर सरकून चक्राच्या मागच्या दात्याला ढकलते, आणि चक्र एक घर पुढे जातं. त्याच वेळी सांगाड्याच्या तळातून एक पोलादी खुंटी वर उसळते आणि चक्राच्या अंगावरच्या खाचेत बसून त्याला जागच्या जागी बांधते. आणि मग, त्यानंतरच, घोडा पडायचा. क्रम बिघडला, खुंटी बसण्याआधी घोडा पडला, तर घर नळीच्या रांगेत आलेलं नसतं. गोळी नळीच्या तोंडावर घासत शिरते, शिसं तासलं जातं आणि त्या फटीतून बाजूला उडतं. शेजारच्याच्या गालाला टोचलं ते हेच. घोडा नेमका कधी पडतो याला या धंद्यात 'टायमिंग' म्हणतात.

त्यांनी डाव्या हाताचं बोट चक्रावर अगदी हलकं टेकवलं, जणू ब्रेक लावल्यासारखं, आणि उजव्या अंगठ्याने घोडा सावकाश मागे ओढायला सुरुवात केली. टक्, खुंटी बसली. मग घोडा अडकला. पहिलं घर बरोबर. दुसरं, तिसरं बरोबर. चौथ्या घराला घोडा पूर्ण मागे जाऊन अडकला, पण टक् आलाच नाही. बोट उचलून चक्र थोडं पुढे ढकललं तेव्हा आला. "झटकन चाप ओढलात तर चक्र वेगानेच पुढे जातं आणि दोष लपतो. म्हणून दुकानात कोणाला कळत नाही. बोट ठेवून हळू ओढायचं."

चौथ्याच घराला का? कारण त्या सहा दात्यांपैकी प्रत्येकाचं काम वेगळं आहे. पूर्वी कारखान्यातला फिटर रिव्हॉल्व्हर हातात घेऊन, एकेक घर फिरवत, एकेक दाता कानशीने मारत असे. हार्मोनियमवाला एकेक पट्टी सुराला लावतो, तसं. सहा घरं, सहा दाते, आणि हे सगळं त्याच एका नगापुरतं. आता दाते यंत्रावर एकसारखे कापले जातात. घोडा, चाप यांसारखे भाग बऱ्याच कंपन्या धातूची भुकटी चिकट मिश्रणात कालवून साच्यात ओततात, मग ते भट्टीत भाजतात. भाजताना भाग पाचव्या-सहाव्या हिश्श्याने आकसतो आणि तरी मापात उतरतो. या भागांवर तिथले जुने लोक जाम चिडलेले असतात. मला ते पटलं नाही, आणि आर्मरर साहेबांनाही नाही. "भाग चांगलेच असतात," ते म्हणाले. "माझी तक्रार भागांशी नाही. भाग एकमेकांना भेटल्यावर काय झालं, ते कोणी बघत नाही, ही तक्रार आहे."

वाईट रिव्हॉल्व्हर हा काही आजचा शोध नव्हे, हे इथे सांगायला हवं. 1847 साली मेक्सिकोच्या युद्धासाठी अमेरिकन लष्कराने कॅप्टन सॅम्युअल वॉकरच्या सांगण्यावरून कोल्टकडून एक हजार प्रचंड रिव्हॉल्व्हर घेतली. प्रत्येकाचं वजन दोन किलोच्या वर. घडीव लोखंडाच्या चक्रात साठ ग्रेनपर्यंत दारू मावायची, आणि कित्येक चक्रं फुटली. शिवाय धक्क्याने नळीखालची तरफ गळून पडायची. ओरड झाली ती एकाच मोठ्या गिऱ्हाइकाची, म्हणजे लष्कराची, आणि ती कोल्टला ऐकावीच लागली. पुढच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये चक्र आखूड झालं, दारू कमी झाली आणि तरफेला खटका आला.

मोठं गिऱ्हाईक हा इथला कळीचा मुद्दा आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतलं जवळजवळ प्रत्येक पोलीस खातं रिव्हॉल्व्हर वापरत होतं. शंभर-दोनशे नगांची पेटी आली की माझ्यासमोर बसलेल्या माणसासारखा आर्मरर त्यातला एकेक नग तपासायचा. पसंत न पडलेले नग परत जायचे, आणि पुढची ऑर्डर धोक्यात आहे हे कारखान्याला बरोबर समजायचं. 1980 आणि 90 च्या दशकांत पोलीस खाती अर्धस्वयंचलित पिस्तुलांकडे वळली आणि रिव्हॉल्व्हर उरलं हौशी, एकेकट्या गिऱ्हाइकांसाठी. एकटा गिऱ्हाईक परत पाठवून पाठवून किती पाठवणार? पेटी उघडून पाहणारा तो माणूसच व्यवहारातून निघून गेला.

सरकार तरी आहे का मध्ये? ब्रिटनमध्ये 1868 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नळी अधिकृत प्रूफ हाऊसमध्ये जादा दाबाच्या काडतुसाने तपासूनच विकता येते. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस तर 1813 पासून हेच करतं आहे. अमेरिकेत असा कायदा नाही. आणखी धक्का मला याचा बसला की तिथल्या 1972 च्या ग्राहक-वस्तू सुरक्षा कायद्यातून बंदुकाच वगळलेल्या आहेत. टोस्टर सदोष निघाला तर तो बाजारातून मागे घ्यायला सरकारी आयोग भाग पाडू शकतो. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत कंपनीची मर्जी, नाहीतर कोर्ट. कंपन्या स्वतःहून नग परत मागवतात, नाही असं नाही, पण त्यांनी तसं न केल्यास कोणी विचारणारा नाही.

त्यात 2020 साल आलं. तिथे शस्त्रखरेदीआधीच्या पार्श्वभूमी-चौकशीचा आकडा त्या वर्षी जवळपास 4 कोटींपर्यंत गेला. प्रत्येक चौकशी म्हणजे विक्री नव्हे, पण मागणीचा अंदाज त्यावरून येतो. बाजार एवढा तापला की कारखान्याचा जोर नग बाहेर काढण्यावर असतो. त्याच वर्षी कोल्टने आपलं जुनं लाडकं 'पायथन' पुन्हा बाजारात आणलं. मूळ 1955 चं, हाताने जुळवलेल्या यंत्रणेसाठी नावाजलेलं. नव्याच्या पहिल्यावहिल्या नगांत चक्र अडण्याच्या तक्रारी झाल्या आणि खूप गाजल्या. नाव मोठं असलं की बोंबही मोठी होते.

बाकावरच्या त्या नगाचं पुढे काय? मला वाटलं होतं कारागीर कानस काढतील. त्यांनी पेन काढलं. "नळी तिरकी आहे, ती मी पिळू शकतो. चौथ्या दात्यासाठी जाडसर पट्टी बसवू शकतो. पण नवीन आहे ना? मग कारखान्याने करावं. मी हात लावला तर उद्या ते म्हणतील, बाहेरच्या माणसाने बिघडवलं." त्यांनी चिठ्ठी लिहिली: माशी डावीकडे, फट चार-नऊ, चौथं घर उशिरा. मालक ती चिठ्ठी डब्यात घालून कंपनीकडे पाठवेल. मग वाट बघायची. पुष्कळदा नग परत येतो तो 'दुरुस्त केले' एवढ्या एका ओळीसह, काय केलं ते लिहिलेलं नसतं. आधीच्या एका गिऱ्हाइकाचं शस्त्र माशी सरळ करून आलं होतं, चौथं घर होतं तसंच. त्याने पुन्हा पाठवलं. तिसऱ्या खेपेला तो इतका वैतागला की विकून मोकळा झाला. "आणि ज्याने घेतलं," साहेब म्हणाले, "त्याला कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही."

गोळी कधी कधी का उडत नाही, ते मात्र त्यांनी तिथेच शोधलं. घोड्याची पट्टी-स्प्रिंग ताणून धरणारा मुठीतला स्क्रू सैल होता. चाप हलका वाटावा म्हणून मालकानेच तो फिरवला होता, हे नंतर फोनवर कबूल झालं. म्हणजे सगळाच दोष कारखान्याचा, असंही नव्हतं. पण हे वेगळं करून सांगायला त्या माणसाला गॅरेजमधल्या एका म्हाताऱ्यापर्यंत यावं लागलं.

आपल्याकडे काय? इथे एक छोटासा धागा जुळतो. स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसनने 1896 साली काढलेलं .32 लाँग हे काडतूस आज भारतात सर्वसामान्य परवानाधारकाच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस आहे, आणि ते पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यातही बनतं. बुडावर 'के.एफ.' ही अक्षरं असतात. बरीच रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्याची. 2014 साली आलेलं, टायटॅनियम मिश्रधातूचं 'निर्भीक' त्यातलंच, वजन अर्धा किलो आणि तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला शस्त्र आयात करता येत नाही, त्यामुळे निवड थोडी आणि किंमत जबर. आपल्या नियमांत प्रूफ चाचणी आहे, पण प्रूफ चाचणी नळी आणि चक्र फुटत नाही एवढंच सांगते. चौथं घर वेळेवर येतं की नाही, हे तिला विचारून उपयोग नाही. अमेरिकन माणूस निदान दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन शंभर गोळ्या झाडून बघतो. इथे परवान्यावर काडतुसांचा कोटा मोजका, आणि ती झाडून बघायला जागा कुठे मिळते? दोष असलाच तर वर्षानुवर्षं तिजोरीत झोपून राहील आणि जागा होईल तो नेमका नको त्या क्षणी.

तेव्हा ज्यांच्याकडे परवाना आहे आणि जे घेणारच आहेत, त्यांना एवढंच सांगणं. परवान्यावर नोंद होण्याआधी, दुकानातच, दुकानदारासमोर चक्र उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. नळी सुरक्षित दिशेला ठेवून माशी सरळ आहे का पाहा. मग चक्रावर बोट टेकवून, घोडा अगदी हळू ओढत, सहाही घरांचा टक् ऐका. एकही चुकला तर दुसरा नग मागा. दुकानदार हे करू देत नसेल तर पैसे देऊ नका.