कुबेराचे पात्र आणि कोजागरीचे दूध

कळवण तालुक्यातील सप्तशृंगगडावर आश्विनी पौर्णिमेच्या रात्री वारा बोचू लागतो आणि उष्ण पेयाची आठवण साहजिकच होते. थंडीवर मसालेदार ऊन मद्य हवे, असे म्हणणाऱ्या काही मंडळींनी देवीचाच दाखला दिलेला आम्ही ऐकला आहे. दाखला खोटा नाही. सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात कुबेर देवीस सुरेने सदा भरलेले पात्र अर्पण करतो; तिसऱ्यात महिषासुरवधापूर्वी ती पान करते. परंतु ते रणांगणावरील पान! शेकोटीभोवती मिटक्या मारण्यास त्याचा आधार घेणे आम्हांस रुचत नाही. शिवाय मद्याने ऊब भासते, तरी रक्त त्वचेकडे धावून अंगातील उष्णता उलट लवकर निघून जाते.

या दिवशी कावडीवाले दूरच्या नद्यांचे जल खांद्यावरून पायी गडावर आणतात व त्याने अठरा भुजांच्या जगदंबेस अभिषेक होतो. समोरच्या मार्कंडेय पर्वतावरून त्या ऋषींचे स्तवन ऐकण्यासाठीच तिने मान किंचित कलती केली, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

घरोघरी त्या रात्री दूध आटते. त्यात केशर, वेलदोडे, चारोळ्या पडतात. जायफळ मात्र बेताने, कारण ते झोप आणते आणि रात्र तर जागरणाची! चंद्रबिंब दुधात उतरले की लक्ष्मीस नैवेद्य दाखवून घरातील ज्येष्ठ अपत्यास ओवाळतात. जुन्या ग्रंथांनी या रात्री नारळाचे पाणी व पोहे सांगितले आहेत. दुधाच्या पातेल्याशेजारी त्यांचीही वाटी ठेवावी.