डग्गा कुठे गेला?

एका रविवारी दुपारी आमच्या शेजारच्या घरात दोन भावंडांचे भांडण जुंपले. विषय होता नवा हेडफोन. कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला तो हेडफोन धाकट्याने डोक्यावर चढवला, तबलावादनाचे एक ध्वनिमुद्रण लावले आणि तो खूश होऊन ओरडला, “ताई, डग्गा बघ कसा घुमतोय!” ताईने तोच हेडफोन घालून तेच वादन ऐकले आणि नाक मुरडले. “मला तर नुसता तबलाच ऐकू येतोय. डग्गा कुठे गेला? पैसे फुकट घालवलेस!”

हेडफोन एक, ध्वनिमुद्रण एक, वादकही एकच. मग दोघांच्या ऐकण्यात एवढा फरक कसा? दोघांपैकी एकाचे कान बिघडले होते काय? मुळीच नाही. उत्तर ताईच्या नाकावरच होते. ताईला चष्मा होता!

चष्म्याचा आणि डग्ग्याचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तो शोधता शोधता आपल्याला आणखी एक गोष्ट कळेल. दोन हेडफोनांची तुलना करणे हा संगीतप्रेमी लोकांचा आवडता छंद आहे. पण ही तुलना म्हणजे एक प्रयोगच असतो आणि त्यातले मुख्य उपकरण असतात आपले स्वतःचे कान. हे उपकरण मोठे नाजूक आहे, तसेच ते सहज फसणारेही आहे.

वाटीतला पडदा

हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक पातळ पडदा असतो. बहुतेक हेडफोनांत त्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते आणि ते वेटोळे लोहचुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेले असते. वेटोळ्यातून संगीताचा विद्युत्प्रवाह वाहू लागला की ते पुढेमागे हलते व आपल्याबरोबर पडद्यालाही हलवते. पडदा पुढे सरकला की कानाकडची हवा दाबली जाते. त्याच क्षणी पडद्याच्या पाठीमागची हवा मात्र विरळ होते. म्हणजे एकच पडदा एकाच वेळी दोन उलट लाटा निर्माण करतो. या दोन लाटा एकत्र आल्या तर परस्परांना खोडून टाकतात.

पाठीमागच्या लाटेचे करायचे काय, यावरून हेडफोनांचे दोन प्रकार पडतात. काहींत वाटीच्या पाठीला जाळी असते आणि मागची लाट खुशाल बाहेर जाते. जर्मनीतील सेनहायझर कंपनीचा १९६८ सालचा एचडी ४१४ हा असा उघड्या पाठीचा पहिला प्रसिद्ध हेडफोन. दुसऱ्या प्रकारात वाटी मागून बंद असते. मागची लाट आतच अडते. ती भिंतींवर आपटून पुन्हा पडद्याकडे येऊ नये म्हणून वाटीत स्पंज किंवा कापसासारखा पदार्थ भरतात. बंद पाठीमुळे बाहेरचा गोंगाट कमी ऐकू येतो आणि आपले संगीत शेजाऱ्याच्या कानावर जात नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायक असेच हेडफोन घालतात, कारण कानातला ठेका फुटून समोरच्या मायक्रोफोनमध्ये शिरता कामा नये.

फटीतून पळालेला डग्गा

आता एक सोपा प्रयोग करा. सुई नसलेली एक नवी सिरिंज घ्या. दट्ट्या मागे ओढून तिच्यात हवा भरा, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या आत ढकला. हवा दाबली जाते आणि बोटाला तो दाब चांगलाच जाणवतो. आता बोट किंचित सैल करा, म्हणजे बारीकशी फट राहील. दट्ट्या सावकाश ढकललात तर हवा फटीतून निघून जाईल आणि दाब जाणवणार नाही. पण दट्ट्याला एकदम झटका दिलात तर? हवेला बाहेर पडायला सवड मिळणार नाही आणि फट असूनही दाब जाणवेल.

हेडफोनमध्ये नेमके हेच घडते. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे सेकंदाला सुमारे शंभर कंपनांचा असतो. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर शंभर हर्ट्झच्या लाटेची लांबी ३.४ मीटर भरते. हेडफोनची वाटी असते जेमतेम काही सेंटिमीटर खोल! एवढी लांब लाट त्या वाटीत मावणार कशी? ती तिथे लाट म्हणून पसरतच नाही. वाटी आणि कान यांच्यामध्ये कोंडलेल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वाढतो व एकदम कमी होतो, अगदी सिरिंजमधल्यासारखा. हा दाब टिकायचा तर वाटीची गादी कानाभोवती सर्व बाजूंनी घट्ट बसली पाहिजे.

ताईच्या चष्म्याच्या काडीने गादी थोडी उचलली गेली आणि फट पडली. मंद गतीच्या खालच्या स्वरांना त्या फटीतून निसटायला सवड मिळाली, म्हणून डग्गा गेला. चटचट होणाऱ्या वरच्या स्वरांच्या कंपनांना मात्र तेवढी सवड मिळाली नाही, म्हणून तबला राहिला. ताईने चष्मा काढून पुन्हा ऐकले, तेव्हा डग्गा आपल्या जागी परत आला होता. दाट केस, मोठी कर्णफुले किंवा जुनी, झिजलेली गादी यांमुळेही असेच होते. म्हणून “या हेडफोनला खालचा स्वरच नाही” असा निकाल देण्यापूर्वी गादी नीट बसली आहे की नाही, हे आधी पाहावे.

मेंदूची हुशारी

ताईने तक्रार तरी केली. पुष्कळदा खालचा स्वर नाहीसा झाला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. साध्या दूरध्वनीच्या जुन्या यंत्रणेत साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ यांमधलेच ध्वनी पुढे पाठवले जात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर यापेक्षा बराच खाली असतो. तरीसुद्धा दूरध्वनीवर वडिलांचा आवाज आपल्याला वडिलांचाच वाटे! याचे कारण असे की प्रत्येक सुरेल आवाजात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर असतात. ते ऐकून मेंदू गैरहजर असलेल्या मूळ स्वराची उंची ओळखतो.

तबल्याच्या उपस्वरांची गोष्ट तर फारच मजेची आहे. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर असे सुबक पटीत नसतात. तबला आणि मृदंग यांच्यावरील शाईमुळे ते पटीत येतात व वाद्य सुरात बोलते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात ही गोष्ट मांडली होती. हेडफोन या उपस्वरांची कंपनसंख्या बदलत नाही, पण त्यांचे आपसातले प्रमाण कमीजास्त करतो. एका हेडफोनमध्ये तबला खणखणीत वाटतो आणि दुसऱ्यात मऊ, याचे मुख्य कारण हेच.

मोठा तो गोड?

आता दुसरा सापळा पाहू. तो पहिल्यापेक्षा अधिक फसवा आहे. सन १९३३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की आपला कान सर्व स्वरांना सारखा न्याय देत नाही. आवाज लहान असताना खालचे स्वर आपल्याला फारच क्षीण ऐकू येतात. आवाज वाढवला की ते इतरांच्या बरोबरीला येऊ लागतात. म्हणून तेच गाणे जरा मोठ्याने लावले की जास्त भरदार वाटते. दोन हेडफोनांपैकी ज्याचा आवाज थोडा मोठा, तोच आपल्याला चांगला वाटतो आणि आपण समजतो की त्याचा दर्जाच वरचा आहे.

हा फरक केवढा असू शकतो? जगभरच्या ध्वनिमुद्रणगृहांत वापरले जाणारे बंद पाठीचे दोन प्रसिद्ध हेडफोन घेऊ. एक सोनीचा एमडीआर-७५०६ आणि दुसरा बायरडायनॅमिकचा २५० ओहमचा डीटी ७७० प्रो. निर्मात्यांच्या आकड्यांनुसार एक मिलिवॉट शक्ती दिली असता पहिला १०६ डेसिबेल आवाज देतो व दुसरा ९६. इथेच १० डेसिबेलचा फरक पडला. शिवाय पहिल्याचा विद्युत्‌रोध आहे ६३ ओहम, म्हणजे दुसऱ्याच्या सुमारे एक चतुर्थांश. शक्ती म्हणजे विद्युत्‌दाबाचा वर्ग भागिले रोध, हे तुम्ही शिकला आहात. तेव्हा तोच विद्युत्‌दाब दिला तर पहिला सुमारे चौपट शक्ती घेईल आणि चौपट शक्ती म्हणजे आणखी ६ डेसिबेल. एकूण फरक १६ डेसिबेलचा! आवाजाची कळ न हलवता हे दोन हेडफोन आळीपाळीने ऐकले तर दुसरा निर्जीव वाटेल. पण त्यात बिचाऱ्या हेडफोनचा काय दोष?

तिसरा सापळा किमतीचा. महाग वस्तू चांगलीच असणार, असे आपले मन आधीच ठरवून बसते. मीही यात सापडलो आहे. एकदा दोन हेडफोन ऐकून मी महागड्याची मनसोक्त स्तुती केली होती. पुढे दोघांचे आवाज सारखे करून ऐकले, तेव्हा मला आवडला तो स्वस्तातला! सन २०१७ मध्ये ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापे अभ्यासली. स्वरांना दिलेला प्रतिसाद आणि बाजारातील किंमत यांमध्ये त्याला काही संबंध आढळला नाही. मजबुती, सोय, दिसणे यांसाठी जास्त पैसे पडत असतील, पण किंमत पाहून स्वर ओळखता येत नाही.

करून पाहा

तुमच्या शाळेत किंवा मित्रमंडळींत बंद पाठीचे दोन हेडफोन मिळाले तर ही परीक्षा घ्या.

१. एका जाड पुठ्ठ्याला मोबाइलच्या मायक्रोफोनएवढे भोक पाडा. मागून मायक्रोफोन भोकाला लावा व पुढून हेडफोनची वाटी पुठ्ठ्यावर दाबून धरा. सुमारे ५०० हर्ट्झचा सलग सूर वाजवून मोबाइलवरील ध्वनिमापकाचा आकडा टिपा. दुसऱ्या हेडफोनवरही तोच आकडा येईल अशी कळ फिरवा आणि दोन्ही जागा लिहून ठेवा. मोबाइलचा आकडा अचूक नसेल, पण तुलनेला तो पुरतो.

२. ऐकणाऱ्याने डोळे बांधावेत. मित्राने हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवावा. कोणता आधी, हे दर वेळी नाणे उडवून ठरवावे.

३. ध्वनिमुद्रण एकच असावे, तेही ओळखीचे. डग्ग्याचा घुमारा, तानपुऱ्याची जवारी आणि गायकाचा आवाज या तीन गोष्टींकडे लक्ष द्या. खालचे, वरचे आणि मधले स्वर त्यांत येतात.

४. दहा वेळा ऐका व दर वेळी पसंती लिहा. आपल्याला कोणता आवडेल ते आधीच सांगून ठेवलेले असावे. नुसत्या नशिबाने दहापैकी आठ किंवा अधिक वेळा तोच निवडला जाण्याची शक्यता १,०२४ मध्ये ५६, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के आहे. सहा वेळा निवडलात तर फार फुशारकी मारू नका!

वजन आणि गादीचा स्पर्श लपवता येत नाही, ही या प्रयोगाची उणीव आहे. ती कमी कशी करता येईल, याचा विचार तुम्हीच करा. आणि हो, चष्मा असलेल्यांनी दोन्ही वेळा तो घालावा किंवा दोन्ही वेळा काढावा.

उपकरण जपा

शेवटी त्या मुख्य उपकरणाविषयी. आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. त्या हवेची कंपने मेंदूला समजतील अशा संदेशांत बदलतात. मोठ्या आवाजाने मेलेल्या रोमपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला ४० तास ८० डेसिबेलपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. त्यापुढे दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबेलला आठवड्याचे फक्त ४ तास उरतात!

बसच्या खडखडाटात आपण आवाज नकळत वाढवतो. इथे बंद पाठीचा हेडफोन उपयोगी पडतो. बडबड, शिट्ट्या असे वरचे आवाज तो चांगले अडवतो, म्हणून संगीत लहान आवाजातही स्पष्ट ऐकू येते. इंजिनाची घरघर मात्र बरीचशी आत येतेच. ती बुडवण्यासाठी कळ वाढवू नका. रस्त्यावर चालताना किंवा सायकल चालवताना तर हेडफोन घालूच नका. जो गोंगाट अडवतो, तो मोटारीचा भोंगाही अडवतो.

हेडफोन बिघडला तर नवा आणता येतो. गादी झिजली तर बदलता येते. पण रोमपेशी गेल्या, तर डग्गा कुठे गेला याचे उत्तर चष्मा काढून मिळणार नाही.