बैठक पुरी की अपुरी? पंचाची नजर गुडघ्याच्या उंचीला हवी

आज पीकपाण्याचा विषय थोडा बाजूला ठेवतो. मागं माझ्या फिरतीच्या एका गावात जत्रेच्या कमिटीनं खांद्यावर वजन घेऊन बैठक मारायची स्पर्धा भरवली. एक निवृत्त मास्तर, गावचे सरपंच आणि मी असे तिघं पंच. एका ऊसकरी शेतकऱ्याच्या पोरानं १७० किलो घेतलं. गावानं एकच गलका केला. पोरगं खाली गेलं, पण दोन बोटं वरच थांबून उठलं. मला ते दिसलं होतं. तरी गावचं पोरगं म्हणून मी हात वर केला. फेटा बांधला, नारळ दिला.

पुढं ते पोरगं बाहेरच्या मोठ्या स्पर्धेत उतरलं. गावात पास झालेलं वजन म्हणून सुरुवातच त्यानं १७० नं केली. नियमानं एकदा लावलेलं वजन कमी करता येत नाही. तीन संधी, तिन्ही बाद. बैठकेत एकही संधी पास नाही म्हणजे एकूण बेरीजच धरत नाहीत. परत आल्यावर त्यानं मला विचारलं, "साहेब, तिथं अपुरी ठरली ती बैठक आपल्या गावात पुरी कशी झाली?" या प्रश्नासाठीच हा लेख.

नियम काय सांगतो?

तालमीतली बैठक आपण टाचा उचलून पार बुडाशी जाऊन मारतो, तिथं खोलीचा वाद नसतो. पॉवरलिफ्टिंगमध्ये मात्र वाद सगळा तिथंच. आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम असा : जांघेपाशी मांडीची वरची बाजू गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेली पाहिजे. बरोबरीला आली तर चालत नाही, खालीच गेली पाहिजे. पंच तिघं, एक समोर व दोन बाजूंना. तिघांपैकी दोन पांढरे दिवे लागले तर पास. बैठक अपुरी असेल तर पंच लाल कार्ड दाखवतो.

'क्लासिक' प्रकारात, म्हणजे पोरं ज्याला 'रॉ' म्हणतात त्यात, कमरेला पट्टा, मनगटाला पट्टी आणि गुडघ्याला ताणाचं कव्हर चालतं. खालून वर ढकलणारा घट्ट सूट नसतो. म्हणून वजन जड झालं की तळाशी जायला मन धजत नाही. पहिल्या संधीला खोल जाणारा गडी तिसऱ्याला बोटभर वर थांबतो, आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही.

नजर कुठं फसते?

पर्जन्यमापकाच्या काचपात्रातलं पाणी कसं वाचायचं ते भाऊसाहेबांना सांगायला नको. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. वरून किंवा खालून वाचलं की आकडा चुकतो. इथंही तसंच बघा. स्टेजवरच्या उंच खुर्चीतून गुडघा आणि जांघ यांचा मेळ लागत नाही. तिरकं बसलं तरी तेच. समोरच्या पंचाला खोली नीट दिसणं अवघड, म्हणून बाजूच्या दोघांवर भिस्त जास्त. भरलेल्या मांडीचा फुगवटाही फसवतो. फुगवटा बघायचा नाही, जांघेतली घडी बघायची. ढगळ चड्डी असेल तर ती घडीच झाकते.

गावच्या पंचांसाठी

बाजूचे पंच बुटक्या स्टुलावर, अगदी काटकोनात बसवा. वजन सावरणारे मदतनीस त्यांच्या आड येऊ देऊ नका. बसल्या गड्याच्या गुडघ्याच्या उंचीला डोळा आणा आणि दोनच जागा बघा : जांघेची घडी आणि गुडघ्याचं टोक. वजनाच्या चकत्या, तोंडावरचा ताण, लोकांचा गलका यांच्याकडं लक्ष देऊ नका. तळाचा क्षण डोळ्याची पापणी लवते तेवढाच असतो. दिवे नसले तर लाल-पांढरी निशाणं वापरा. तिघांनी एकदम उचलावी, म्हणजे एकमेकांकडं बघून निकाल होत नाही. अपुरी ठरली तर पोराला कारण सांगा. सरावात मोबाईल त्याच उंचीला, बाजूला ठेवून चित्रण करा आणि पोरालाच दाखवा.

वजनाच्या खेळात थोडक्याची किंमत मोठी असते. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य घेतलं. सुवर्ण गेलं २४९ ला. तो खेळ निराळा, पण हिशेब तोच. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य आणलं, तिथंही गावचा पंच नव्हता.

कारखान्याच्या काट्यावर किलोभर मार बसला तरी आपण तक्रार करतो. मग आपल्याच पोराला खोटं माप का द्यायचं? गावातला एक लाल दिवा त्याला महिनाभर टोचेल, पण पुढच्या जत्रेला तो दोन बोटं खाली जाईल. त्या पोराला मी हेच सांगितलं, आणि माझी चूकही कबूल केली. आता तो १५० वर पुन्हा पहिल्यापासून, पुरी बैठक मारतोय.