गाडी घरीच धुवा, पण फवारणीच्या पंपाने नको



भातलावणी उरकली. खाचराच्या चिखलाने पिकअप माखलाय आणि घरच्या कारचीही तीच गत. बरेच सभासद गाडी घरीच धुतात, चांगलंच आहे, पैसे वाचतात. पण दोन सवयी आजपासून सोडायच्या आहेत: फवारणीच्या एचटीपी पंपाने गाडी धुणं आणि गाडी इंद्रायणीत नेऊन उभी करणं.

पंप का नको?
पंपाला जोर चांगला असतो, मान्य. पण टू-फोर-डी सारखं तणनाशक मारलेला पंप एकदा-दोनदा पाणी फिरवून साफ होत नाही. औषध रबरी नळीत, वायसरमध्ये आणि जाळीत धरून राहतं. तो पंप गाडीवर मारला की तेच औषध दाराच्या मुठीवर, स्टिअरिंगवर आणि हौद्यात उतरतं. सकाळी त्याच हौद्यात आपण कोथिंबीर-मेथीच्या जुड्या ठेवतो. धुतलेलं पाणी परसातल्या टोमॅटोकडे गेलं तर पानं वळतात, शेंडे पिळतात. टोमॅटोला टू-फोर-डी अगदी थोडंही सोसत नाही. म्हणून गाडीसाठी साधी नळी आणि बादली वापरा. पंपच हवा असेल तर वेगळा ठेवा, त्यात औषध कधीच भरू नका.

गाडी धुण्याची रीत
1) गाडी सावलीत लावा, बॉनेट गार होऊ द्या. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच सुकतं आणि पांढरे डाग राहतात.
2) आधी चिखल भिजवा, 5-10 मिनिटं थांबा, मग पाण्याने उतरवा. कोरडं फडकं कधीच फिरवू नका. चिखलात बारीक वाळू असते, ती पॉलिशपेपरसारखी रंगावर चरे पाडते.
3) दोन बादल्या घ्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवा, म्हणजे वाळू परत रंगावर जात नाही. धुण्याची पावडर वापरू नका. ती रंगावरचं मेण काढते आणि रबर कोरडं पाडते.
4) टपापासून खाली या. चाकं सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने.
5) मडगार्डच्या आत आणि हौद्याच्या सांध्यात हात घाला. चिखल तिथेच ओल धरतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.
6) पाणी सुकायच्या आत मऊ मायक्रोफायबर फडक्याने पुसा. इंजिनवर जोराचं पाणी मारू नका, वायरिंगमध्ये शिरतं.
7) आतून ओलसर फडकंच पुरे. पायपुसण्या बाहेर काढून धुवा आणि पूर्ण वाळवून ठेवा, नाहीतर बुरशीचा वास येतो.
8) झाल्यावर गाडी हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबा. ओले ब्रेक लगेच धरत नाहीत.

पाणी किती लागतं?
घरच्या घरी मोजा. 15 लिटरची बादली दीड मिनिटात भरत असेल, तर नळी 15 मिनिटं सोडल्यावर 150 लिटर पाणी जातं. बादलीच्या रीतीने चार-पाच बादल्यांत काम होतं.

हौद्यात औषध सांडलं तर
लगेच पाणी ओतू नका, पसरतं. हातमोजे घाला, कोरडी माती किंवा भुसा टाका, शोषू द्या. तो भरून विहीर आणि ओढ्यापासून लांब, पडीक जागेत पुरा. मग साबणाच्या पाण्याने हौदा तीनदा धुवा आणि उन्हात वाळवा. तोवर भाजी भरू नका. मुळात औषध आणि भाजी एका फेरीत आणायचीच नाही. बाटली-डबा वेगळ्या बंद क्रेटमध्येच ठेवा.

नदीत का नको?
गाडीखालचं ऑइल, ग्रीस आणि हौद्यातलं औषध सरळ पाण्यात मिसळतं. आपल्या देहूच्या घाटावरून हे पाणी आळंदीला जातं, तुळापूरला भीमेला मिळतं आणि पुढे उजनीतून पंढरपूरला पोचतं. वाटेत ते जनावरं पितात, शेताला लागतं, वारकरी त्यातच स्नान करतात. नदीत घाण सोडायला 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानेही बंदी आहे. कारखान्यांच्या पाण्याबद्दल आपण बोलतो, ते बरोबरच आहे. पण बोलताना आपले हात स्वच्छ हवेत.

घरी धुतानाही गाडी गवतावर किंवा मुरमाच्या जागेत लावा. पाणी विहिरीकडे, गटारात किंवा भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नका.

आज एवढंच करा: पंपावर रंगाने मोठ्ठं "फक्त औषध" असं लिहून टाका. घरातलं पोरगं नकळत तो पंप गाडीला लावणार नाही.

मेसेज गाडी चालवणाऱ्या घरच्या माणसालाही दाखवा. काही अडलं तर कंपनीच्या संकलन केंद्रावर येऊन विचारा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, देहू