अर्धस्वयंचलित पिस्तुलाची सुरक्षित हाताळणी व निगा

अर्धस्वयंचलित पिस्तूल हे चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी झाडणारे, परंतु रिकामी पुंगळी बाहेर फेकून पुढचे काडतूस आपोआप नळीत भरणारे अग्निशस्त्र आहे. या शस्त्राच्या हाताळणीचे नियम, ते रिकामे करण्याची रीत, बिघाडाच्या वेळी घ्यावयाची खबरदारी आणि त्याची निगा यांची माहिती या लेखात दिली आहे. मराठीत ‘घोडा’ हा शब्द कधी चापासाठी, कधी हॅमरसाठी, तर मुंबईच्या बोलीत थेट पिस्तुलासाठीही वापरला जातो. त्यामुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी येथे चाप व हॅमर हेच शब्द योजले आहेत.

रचना आणि तीतून उद्भवणारा धोका

पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन बसते. त्यातील स्प्रिंग काडतुसांना वर रेटत असते. नळीवरची स्लाइड मागे ओढून सोडली की ती पुढे येताना मॅगझिनमधील सर्वांत वरचे काडतूस नळीच्या मागील भागात, म्हणजे चेंबरमध्ये, ढकलते. गोळी सुटल्यावर धक्क्याने स्लाइड मागे जाते, एक्स्ट्रॅक्टर रिकामी पुंगळी ओढून काढतो व ती बाजूला फेकली जाते. ज्या पिस्तुलांना हॅमर असतो त्यांत तो याच वेळी ताणला जातो आणि स्प्रिंगच्या जोराने परतणारी स्लाइड नवे काडतूस भरते. हे सर्व निमिषार्धात घडते. म्हणजेच, मॅगझिनमध्ये काडतुसे शिल्लक असेपर्यंत झाडलेले पिस्तूल पुन्हा झाडण्यास सज्जच असते.

आज रूढ असलेल्या या रचनेचे श्रेय मुख्यतः अमेरिकन संशोधक जॉन मोझेस ब्राउनिंग यांना जाते. त्यांचे .४५ बोअरचे पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारले. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे अपुरे काम बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्ह यांनी पुरे केले आणि १९३५ साली ९ मिमीचे ‘हाय-पॉवर’ पिस्तूल तयार झाले. भारतीय सैन्यदले व पोलीस वापरत आलेले, पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल कारखान्यात बनणारे ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ हे याच हाय-पॉवरचे भारतीय रूप आहे.

रिव्हॉल्व्हरचे चक्र बाहेर काढले की सर्व काडतुसे एकाच ठिकाणी डोळ्यांना दिसतात. पिस्तुलात मात्र काडतुसे दोन जागी असतात. हाय-पॉवरच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसे मावतात आणि चौदावे चेंबरमध्ये असू शकते. मॅगझिन काढून घेतले तरी ते चौदावे जागचे हलत नाही. ‘मॅगझिन काढले, म्हणजे पिस्तूल रिकामे झाले’ हा समज या शस्त्राच्या बाबतीत सर्वांत घातक होय, आणि नवख्यांइतकाच तो सरावलेल्यांनाही भोवतो.

मूलभूत नियम

अमेरिकेतील प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेले चार नियम जगभर शिकवले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे धरून चालावे. ज्याचा नाश करायचा नाही त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही वळू देऊ नये. नेम निश्चित होईपर्यंत बोट चापावर न ठेवता चापकड्याच्या बाहेर, सरळ ठेवावे. आणि लक्ष्य कोणते व त्याच्या मागे काय आहे, हे ठाऊक असल्याशिवाय गोळी झाडू नये. हे नियम एकमेकांना आधार देतात. एक मोडला तरी दुसरा पाळला गेला असेल तर सहसा जीवितहानी टळते. दचकल्यावर किंवा अडखळल्यावर माणसाची मूठ आपोआप आवळली जाते, म्हणून बोटाचा नियम सवयीचा व्हावा लागतो. ऐन वेळी तो आठवून उपयोग नसतो.

पिस्तुलावरील सेफ्टी कॅच हा एक यांत्रिक भाग आहे. तो झिजतो, नकळत सरकतो, आणि काही पिस्तुलांना हाताने चालवायचा कॅच मुळी नसतोच. त्याच्या भरवशावर वरील नियम शिथिल करता येत नाहीत.

पिस्तूल रिकामे करणे

येथे क्रमाला महत्त्व आहे. नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवून प्रथम मॅगझिन काढावे, त्यानंतरच स्लाइड पूर्ण मागे ओढावी. चेंबरमधील काडतूस बाहेर पडेल. ते खाली पडू द्यावे. ते झेलण्यासाठी खिडकीवर तळहात धरण्याची सवय काहींना असते. ती वाईट आहे, कारण अडकलेल्या काडतुसाचा प्रायमर आतील भागावर आपटून ते हातातच फुटू शकते. मग स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपावे. अंधुक उजेडात डोळ्यांपेक्षा बोट अधिक विश्वासार्ह ठरते.

हाच क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली व नंतर मॅगझिन काढले, तर जुने काडतूस बाहेर पडलेले दिसते. पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये गेलेले असते. पाहणाऱ्याला सगळे यथासांग झाल्यासारखे वाटते आणि हातात भरलेले पिस्तूल राहते.

शस्त्राच्या रचनेमुळे या चुकीला आणखी वाव मिळतो. १९८०च्या दशकात आलेल्या ऑस्ट्रियन ग्लॉक पिस्तुलाचे भाग सुटे करण्यापूर्वी चाप ओढावा लागतो. चेंबर तपासले नसेल तर सफाईच्या मेजावरच गोळी सुटते. हाय-पॉवरमध्ये मॅगझिन काढल्यावर चाप चालू नये अशी सोय आहे. पण त्यामुळेच ताणलेला हॅमर खाली आणण्यासाठी रिकामे मॅगझिन पुन्हा बसवावे लागते, आणि घाईत भरलेले मॅगझिन बसवले जाण्याचा धोका उरतो. सुरक्षेसाठी केलेली तरतूदच येथे जोखमीची एक पायरी वाढवते.

नेमबाजीच्या स्पर्धांत चेंबर रिकामे असल्याची खूण म्हणून त्यात भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले तो २५ मीटर पिस्तूल प्रकार .२२ बोअरच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलानेच खेळला जातो.

न उडालेला आणि फुसका बार

चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबावे, कारण दारू उशिरा पेटू शकते. त्यानंतर वर सांगितलेल्या क्रमाने पिस्तूल रिकामे करावे. याहून फसवा प्रकार फुसक्या बाराचा. आवाज क्षीण येतो, धक्का जवळजवळ जाणवत नाही, आणि गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी पुढची गोळी झाडल्यास नळी फुगते वा फुटते. आवाज वेगळा वाटताच थांबून, पिस्तूल रिकामे करून, नळी आरपार मोकळी आहे का ते पाहणे हाच उपाय आहे.

निगा

सफाईपूर्वी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. नळी शक्यतो चेंबरच्या बाजूने पितळी ब्रशने व सुती कापडाने साफ करावी, म्हणजे तोंडाकडील कड झिजत नाही. तेल अगदी पातळ थरापुरते लावावे. जास्त तेलात काजळी व धूळ चिकटते, आणि ते काडतुसात झिरपल्यास प्रायमर निकामी होतो. खोबरेल थंडीत गोठते, तर इतर खाद्यतेले कालांतराने चिकट होतात, म्हणून घरातले हाताशी असलेले तेल वापरू नये. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधून क्षार मागे राहतो व तो हवेतील ओलावा शोषतो. तो तेलाने निघत नाही. गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मग तेल लावावे लागते. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत दिरंगाई झाली की गंज धरतोच.

पिस्तूल चामडी म्यानात दीर्घकाळ ठेवू नये. चामडे ओलावा धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली रसायने धातूला खातात. मॅगझिनचे वरचे ओठ पडल्यामुळे वाकले तर काडतुसे अडकू लागतात, म्हणून मॅगझिनवर क्रमांक घातल्यास सदोष मॅगझिन ओळखता येते. .२२च्या काडतुसात प्रायमरचा मसाला तळाच्या काठात असल्याने फायरिंग पिनही काठावरच आदळते. अशा पिस्तुलाचा चाप रिकाम्या चेंबरवर वारंवार ओढल्यास चेंबरची कड ठेचली जाऊ शकते.

प्रायमरमध्ये शिशाची संयुगे असल्यामुळे सरावानंतर व सफाईनंतर, विशेषतः खाण्यापूर्वी, हात धुवावेत. बाराचा आवाज १४० डेसिबलहून अधिक असल्याने कानांचे संरक्षण एका गोळीसाठीही आवश्यक आहे.

साठवण व भारतातील कायदा

पिस्तूल व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत. कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा उशाखाली ठेवलेले शस्त्र मुलांपासून लपत नाही. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही. ९ मिमी बोअर सर्वसामान्य नागरिकांसाठी निषिद्ध असून परवानाधारकांकडील पिस्तुले बहुधा .३२ बोअरची असतात. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल मर्यादा तीनवरून दोनवर आणली गेली. लग्न वा अन्य समारंभात इतरांचा जीव धोक्यात घालून आनंदाप्रीत्यर्थ केलेल्या गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूदही याच दुरुस्तीने झाली. हवेत झाडलेली गोळी खाली येतेच, आणि ती कोठे पडेल हे झाडणाऱ्याच्या हाती नसते.