स्ट्राँगचा क्रमांक आणि बायबलचा वाचक

बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत लिहिला गेला. दानीएल व एज्रा या ग्रंथांतील काही प्रकरणे, यिर्मयातील एक वचन आणि उत्पत्तीतील दोन शब्द एवढाच त्यातला भाग अरामी भाषेत आहे. नवा करार मात्र सबंध ‘कोइने’ ग्रीकमध्ये, म्हणजे अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर पूर्व भूमध्य प्रदेशात व्यवहाराची भाषा म्हणून रुळलेल्या ग्रीकमध्ये आहे. मराठी वाचकाच्या हाती येणारे बायबल त्यामुळे नेहमीच भाषांतर असते, आणि भाषांतरकाराने मूळ शब्दाच्या अनेक छटांपैकी कोणती घेतली व कोणती सोडली, हे छापील पानावरून कळत नाही. या भाषा न शिकलेल्या, पण घरी बसून नेटाने अभ्यास करणाऱ्या वाचकाला ती निवड निदान पाहता यावी यासाठी गेल्या दोन शतकांत जी साधने तयार झाली, ती आता मोबाइलवर विनामूल्य मिळतात. त्यांचा उपयोग मोठा आहे, मात्र ती कशी बनली हे ठाऊक नसेल तर त्यांच्यातून निघणारे निष्कर्ष बहुधा चुकतात.

या साधनांच्या मुळाशी जेम्स स्ट्राँग या अमेरिकी प्राध्यापकाचा, १८९० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आहे. हा ग्रंथ म्हणजे कॉन्कॉर्डन्स, अर्थात एखादा शब्द बायबलमध्ये कोठे कोठे आला आहे हे दाखवणारी संदर्भसूची होय. १६११ च्या ‘किंग जेम्स’ या इंग्रजी भाषांतरातील प्रत्येक शब्द त्याने वचनासह नोंदवला आणि तो इंग्रजी शब्द ज्या हिब्रू किंवा ग्रीक शब्दासाठी आला असेल त्याला एक क्रमांक दिला. हिब्रू व अरामी शब्दांचे क्रमांक ८६७४ पर्यंत जातात, ग्रीकचे ५६२४ पर्यंत. लिपीसुद्धा न येणाऱ्या माणसाला केवळ अंकाच्या आधारे मूळ शब्दापर्यंत पोहोचता येईल, ही युक्ती साधी होती आणि म्हणूनच ती टिकली. ब्लू लेटर बायबल, बायबल हब किंवा केंब्रिजच्या टिंडेल हाउसने तयार केलेले स्टेप बायबल यांसारखी आजची साधने हेच क्रमांक, किंवा त्यांचे वाढवलेले रूप, वापरतात.

क्रमांकावरून वाचक ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या छोट्या कोशाकडे जातो, आणि पहिली मोठी गफलत तेथेच होते. स्ट्राँगच्या प्रत्येक नोंदीत आधी शब्दाचा थोडक्यात अर्थ असतो आणि मग अपूर्णविराम व आडवी रेघ देऊन काही इंग्रजी शब्दांची यादी असते. ही यादी अर्थांची आहे असे समजून अनेकजण तिच्यातला आपल्याला भावेल तो शब्द उचलतात. वास्तविक किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी तो मूळ शब्द निरनिराळ्या ठिकाणी कसकसा भाषांतरित केला, एवढेच ती सांगते. ‘हेसेद’ या २६१७ क्रमांकाच्या हिब्रू शब्दाची नोंद पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. दया, प्रेमळपणा, कृपा अशा अर्थांच्या यादीतच निंदा आणि दुष्कर्म या अर्थांचे शब्दही तेथे आढळतात. याचे कारण असे की लेवीय २०:१७ मध्ये ‘लाजिरवाणी गोष्ट’ या अर्थाने येणारा हेसेद हा केवळ उच्चाराने सारखा असलेला निराळा शब्द असावा, असे कोशकार मानतात. ब्राउन, ड्रायव्हर व ब्रिग्ज यांच्या १९०६ च्या हिब्रू कोशात या दोहोंच्या नोंदी वेगळ्या आहेत. स्ट्राँगने दोन्ही एका क्रमांकाखाली घातले. देवाच्या दयेतही निंदा दडलेली असते, असा गूढार्थ या यादीतून काढणारा वाचक क्रमांक देणाऱ्याच्या सोयीलाच धर्मतत्त्व समजत असतो.

हेच साधन उलट बाजूने वापरले, म्हणजे अर्थाची यादी बाजूला ठेवून तो शब्द जेथे जेथे आला ती वचने ओळीने वाचली, तर त्याचा खरा लाभ मिळतो. हेसेद जुन्या करारात सुमारे अडीचशे वेळा येतो. यरीहोत हेरांना लपवणारी राहाब त्यांच्याकडून परतफेड म्हणून हेसेद मागते, योनाथान दाविदाशी केलेल्या कराराच्या आधारे आपल्या घराण्यासाठी तो मागतो, आणि रूथच्या चार प्रकरणांत तो सुनेच्या वागण्याबद्दलही येतो व देवाच्या करणीबद्दलही. ही स्थळे एकापुढे एक ठेवली म्हणजे ध्यानात येते की येथे क्षणिक कणव अभिप्रेत नसून नात्यातून किंवा दिलेल्या शब्दातून येणारी, सक्ती नसतानाही पाळलेली निष्ठा अभिप्रेत आहे. मराठीतला ‘दया’ हा शब्द त्याचा एक भागच पकडतो. हा बोध कोशाच्या एका ओळीतून झाला नसता.

विनामूल्य साधनांची आणखी एक मर्यादा त्यांच्या वयाची आहे. ज्या कोशांचे स्वामित्वहक्क संपले आहेत तेच फुकट देता येतात, आणि असे कोश साहजिकच जुने असतात. जोसेफ थेयरचा ग्रीक कोश १८८९ च्या सुधारित आवृत्तीच्या रूपात आजही सर्वत्र दिसतो. पण त्यानंतर काही वर्षांतच ग्रेनफेल आणि हंट यांनी इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथील उकिरड्यांतून पपायरसवर लिहिलेल्या पत्रांचे, करारनाम्यांचे व पावत्यांचे ढीग बाहेर काढले आणि जर्मन विद्वान आडोल्फ डाइसमान यांनी नव्या कराराची भाषा म्हणजे त्या काळच्या बाजारात, कचेरीत व घरात वापरली जाणारीच भाषा असल्याचे त्यांवरून दाखवून दिले. थेयरने केवळ बायबलमध्येच आढळतात म्हणून वेगळे काढलेले कित्येक शब्द त्या कागदांत सापडले. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, लोकांनी पाहावे म्हणून दानधर्म करणाऱ्यांना त्यांचे फळ मिळून चुकले आहे, असे सांगताना ‘आपेखो’ हे क्रियापद येते. पावत्यांत हेच क्रियापद पैसे पूर्ण पोचल्याची कबुली म्हणून वापरलेले आढळते. ‘भरून पावलो’ हा मराठी हिशेबी वाक्प्रचार ज्याच्या कानावर आहे, त्याला त्या वचनातली धार लगेच जाणवेल: व्यवहार मिटला, आता येणे काही उरले नाही. हिब्रूचीही तीच गोष्ट आहे. ब्राउन, ड्रायव्हर व ब्रिग्ज यांचा कोश सिद्ध झाला तेव्हा सीरियातील उगारिटच्या मृत्तिकापट्टिका आणि १९४७ पासून सापडू लागलेल्या कुमरानच्या गुंडाळ्या कोणाला ठाऊकही नव्हत्या. बाउअरच्या ग्रीक कोशाची फ्रेडरिक डँकर यांनी २००० साली सिद्ध केलेली इंग्रजी आवृत्ती विकत घ्यावी लागते आणि ती महाग आहे. परंतु एखाद्या मंडळीच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ती असेल, तर फुकटच्या दहा साधनांपेक्षा तिची एक नोंद अधिक मोलाची ठरते.

यापेक्षा मोठा धोका व्युत्पत्तीचा आहे. हिब्रूतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून बनतात, आणि कोशात शब्दाशेजारीच मूळ दिलेले असल्यामुळे त्या मुळाचा अर्थ प्रत्येक शब्दात उतरलाच पाहिजे अशी वाचकाची समजूत होते. ‘लेहेम’ म्हणजे भाकर आणि ‘मिल्हामा’ म्हणजे युद्ध या दोन्ही शब्दांत तीच तीन व्यंजने आहेत, पण म्हणून भाकरीत युद्ध शोधण्यात अर्थ नाही. मराठी वाचकाला हे पटायला अवघड जाऊ नये: ‘प्रवीण’ माणसाला वीणा वाजवता आली पाहिजे किंवा ‘गवेषणा’ करणाऱ्याने गाई शोधल्या पाहिजेत, असा आग्रह कोणी धरत नाही. जेम्स बार यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीवर कठोर टीका केली. एखाद्या शब्दाचे सगळ्या ठिकाणचे सगळे अर्थ गोळा करून ते एकाच वाक्यात ओतण्याच्या सवयीवरही त्यांचा आक्षेप होता. डी. ए. कार्सन यांनी १९८४ मध्ये याच दोषाच्या उलट्या रूपाकडे लक्ष वेधले. सामर्थ्य या अर्थाचा ग्रीक शब्द ‘दुनामिस’ हा ‘डायनामाइट’चा जनक आहे, म्हणून देवाचे सामर्थ्य स्फोटक असते, असे व्यासपीठावरून सांगितले जाते, पण डायनामाइट हे नाव नोबेलने एकोणिसाव्या शतकात दिले आणि पौलाच्या मनात सुरुंग असणे शक्य नव्हते.

प्रवचनांत सर्वाधिक ऐकू येणारे उदाहरण योहानाच्या एकविसाव्या अध्यायातले आहे. पुनरुत्थानानंतर येशू पेत्राला तीन वेळा विचारतो की तू माझ्यावर प्रीती करतोस काय; पहिल्या दोन प्रश्नांत ‘आगापाओ’ हे क्रियापद आहे, तिसऱ्यात ‘फिलेओ’ आहे, आणि पेत्राची तिन्ही उत्तरे ‘फिलेओ’ने दिलेली आहेत. आगापाओ म्हणजे दैवी, निःस्वार्थ प्रेम आणि फिलेओ म्हणजे नुसती मैत्री, असे गृहीत धरून येशू शेवटी पेत्राच्या पायरीवर उतरला असा अर्थ लावला जातो. हा अर्थ हृद्य आहे यात शंका नाही. पण ज्या संदर्भसूचीतून तो निघतो तीच थोडी पुढे चाळली तर तो टिकत नाही. याच शुभवर्तमानात पित्याचे पुत्रावरील प्रेम ३:३५ मध्ये आगापाओने आणि ५:२० मध्ये फिलेओने सांगितले आहे. येशूला प्रिय असलेल्या शिष्याबद्दलही १३:२३ मध्ये एक क्रियापद आहे तर २०:२ मध्ये दुसरे. जुन्या कराराच्या ‘सेप्तुआजिंत’ या प्राचीन ग्रीक भाषांतरात तर अम्नोनाच्या तामारेविषयीच्या वासनेलाही आगापाओच्याच कुळातला शब्द लावला आहे. योहानाने त्याच तीन वचनांत कोकरे व मेंढरे, चारणे व पाळणे असेही शब्द पालटले आहेत, आणि त्यावरून लेखकाला पुनरुक्ती टाळायची होती हेच अधिक संभवते.

शब्दांनंतर व्याकरणाकडे वळावे लागते. ‘इंटरलिनिअर’ म्हणजे मूळ ओळीखाली प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि त्याचे व्याकरणिक रूप देणारी आवृत्ती. तिच्यात काळ, पुरुष, वचन व विभक्ती संक्षिप्त खुणांनी दाखवलेल्या असतात. ग्रीकमधील ‘ॲओरिस्ट’ हे भूतकाळाचे रूप या खुणांत दिसले की ती क्रिया ‘एकदाच आणि कायमची’ घडली असे ठरवण्याचा मोह होतो. वस्तुतः हे रूप क्रियेकडे एकसंध घटना म्हणून पाहते, तिला किती वेळ लागला हे सांगत नाही. योहान २:२० मध्ये मंदिर बांधायला शेहेचाळीस वर्षे लागली असे यहुदी म्हणतात, तेथेही क्रियापद ॲओरिस्टच आहे. वचनाची खूण मात्र निःशंक उपयोगी पडते. लूक २२:३१-३२ मध्ये सैतानाने ज्यांना चाळण्याची मागणी केली त्यांच्यासाठी अनेकवचनी सर्वनाम आहे, आणि येशूने ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याच्यासाठी एकवचनी. सगळ्या शिष्यांवर आलेल्या संकटात पेत्रासाठी वेगळी विनंती झाली, हे आजच्या इंग्रजीत पुसले जाते आणि मराठीत सहज उतरते.

मराठीची स्वतःची एक अडचण मात्र इंग्रजी साधनांना दिसतही नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद ग्रीकमध्ये नाही. मार्क ४:३८ मध्ये वादळात सापडलेले शिष्य झोपलेल्या येशूला उठवून बुडण्याविषयी बोलतात, तेव्हा त्या बुडणाऱ्यांत ते त्याला धरतात की वगळतात, हे मूळ वाक्य सांगत नाही. मराठी भाषांतरकाराला मात्र काहीतरी ठरवावेच लागते. येथे कोश निरुपयोगी आहे, प्रसंग वाचूनच मत बनवावे लागते. याखेरीज काही किरकोळ घोळ आकड्यांचे असतात: हिब्रू प्रतींत स्तोत्रांची शीर्षके वचनांत मोजली जातात, त्यामुळे एक्कावन्नाव्या स्तोत्राचे आपले पहिले वचन तेथे तिसरे असते, आणि मलाखीचे चार अध्याय तेथे तीनच असतात.

मराठी आणि या भाषांचा संबंध नवा नाही. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत, कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाला उपयोगी पडावे म्हणून, हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत प्रसिद्ध केली. पुढे त्याच समाजातील जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरवले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. संस्कृतच्या एवढ्या अधिकारी विदुषीने बोलीला जवळची भाषा मुद्दाम निवडली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रचलित भाषांतर, कॅथलिक परंपरेतील भाषांतर आणि रमाबाईंचे भाषांतर शेजारी ठेवून वाचले, तर मूळ वाक्य कोठे अवघड आहे हे क्रमांक उघडण्यापूर्वीच कळते. जेथे भाषांतरे वेगळ्या वाटांनी जातात तेथेच साधन वापरावे, आधी त्याच लेखकाची इतर वाक्ये पाहावीत आणि कोश शेवटी उघडावा, हा क्रम या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला पुरेसा आहे. हिब्रूची बावीस आणि ग्रीकची चोवीस अक्षरे शिकायला फार काळ लागत नाही, आणि ती आली की परावलंबन बरेच कमी होते.

एवढे करूनही मराठी वाचकाला आज बहुतेक वेळा इंग्रजीच्या दारातूनच हिब्रूकडे जावे लागते, कारण क्रमांक इंग्रजी भाषांतराला बांधलेले आहेत आणि कोशांचे अर्थही इंग्रजीत आहेत. पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठ यांसारख्या संस्थांत या भाषा शिकवल्या जातात. तेथील अध्यापकांनी आणि मराठी ख्रिस्ती प्रकाशकांनी मराठी अर्थ देणारा, मराठी बायबलच्या वचनांना जोडलेला एक लहानसा का होईना पण विश्वासार्ह कोश हाती घ्यावा.