दत्तक देशाचा शिपाई

श्रोतेहो, 'मायभूमी' म्हटले की आपल्याला जन्मगाव आठवते. जिथे नाळ पुरली ते आपले गाव, असे आपण मानतो. पण ज्याला जन्माच्या देशातच मोकळेपणी राहता येत नाही, त्याने कोणत्या मातीला आई म्हणावे? झिनोवी पेश्कॉव्ह या शिपायाचे चरित्र या प्रश्नाभोवती फिरते.

हा रशियातल्या निझनी नोव्हगोरोदचा. जन्म १८८४ सालचा. घराणे ज्यू, आडनाव स्वेर्डलॉव्ह, बाप शिक्के कोरणारा कारागीर. झारच्या राज्यात ज्यू माणसाला खास परवान्याशिवाय मॉस्कोत राहण्याची मुभा नव्हती. आणि या पोराला तर नाटकाचे शिक्षण घ्यायला तिथेच जायचे होते! त्याने १९०२ साली ख्रिस्ती धर्म घेतला. प्रसिद्ध लेखक मॅक्झिम गॉर्की याचा त्याच्यावर लोभ होता. 'गॉर्की' हे टोपणनाव. त्याचे खरे आडनाव पेश्कॉव्ह. तेच या मुलाने लावले. १९०४ साली त्याने देश सोडला. कॅनडा, अमेरिका, इटली अशी वणवण झाली.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. फ्रान्सच्या सैन्यात १८३१ पासून 'फॉरिन लीजन' नावाची परकीयांची फौज आहे. तिच्यात माणूस कुठल्या मुलखाचा हे आडवे येत नाही. पेश्कॉव्ह तिच्यात साधा शिपाई म्हणून दाखल झाला. ९ मे १९१५ रोजी उत्तर फ्रान्समध्ये आरासजवळच्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि त्याचा उजवा हात कापावा लागला. शिपाईगिरी संपली, असे कुणीही म्हणाले असते. पण पुढच्याच वर्षी तो पुन्हा सैन्यात हजर!

याच सुमारास रशियात क्रांती झाली. त्याचा सख्खा भाऊ याकोव्ह स्वेर्डलॉव्ह सोव्हिएट सत्तेच्या अगदी वरच्या पदावर बसला, आणि हा फ्रान्सचा अधिकारी म्हणून सायबेरियात त्या सत्तेच्या शत्रूंकडे गेला. एका आईची दोन लेकरे, पण दोन टोकांना.

आता एक हिशेब पाहा. हात गेला १९१५ साली. फ्रान्सचे नागरिकत्व मिळाले १९२३ साली. रक्त आधी दिले, कागद आठ वर्षांनी आला. पुढे १९२५ मध्ये मोरोक्कोच्या लढाईत पायालाही जखम झाली.

खरी कसोटी मात्र १९४० साली लागली. जर्मनीपुढे फ्रान्सने हात टेकले. व्हिशी येथील नव्या सरकारने तह पत्करला आणि ज्यूंविरुद्ध कायदेही केले. पेश्कॉव्हपुढे पेच पडला : हुकूम मानायचा की देश? त्याने देश मानला. १९४१ साली, पन्नाशी उलटल्यावर, तो द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रान्सला जाऊन मिळाला. १९४३ मध्ये तो जनरल झाला. नंतर त्याने चीनमध्ये फ्रान्सचा राजदूत म्हणून काम केले, आणि युद्धानंतर जपानमध्ये फ्रान्सचे प्रतिनिधित्व केले.

१९६६ साली तो पॅरिसमध्ये वारला. थडग्यावर 'जनरल' नाही, 'राजदूत' नाही. नावाबरोबर लिहिले आहे ते 'लीजनेर', म्हणजे लीजनचा शिपाई.

शिक्षकबंधूंनो, महायुद्धे शिकवताना आपण राजे आणि तह यांची नावे पाठ करवून घेतो. त्यांच्या जोडीला हा एक माणूसही मुलांना सांगावा. परक्या माणसाला 'तू आमचा' म्हणायला देश किती वेळ घेतो, हे त्यांना कळेल. आणि तो शब्द कानी पडण्याआधीच काही माणसे आपले देणे कसे देऊन टाकतात, तेही कळेल.